टिचकीची बरणी

आमच्या दुकानात दोन मोठे आरसे आहेत. एक खुर्चीसमोर आणि एक खुर्चीमागे. मागचा आरसा गिऱ्हाइकाला त्याची मान दाखवण्यासाठी आणि समोरचा मला सगळं जग दाखवण्यासाठी. दार कोण उघडतंय, बाकावर कोण पेंगतंय, नात कपाटातली पावडर कुठे सांडतेय, हे सगळं मी मान न वळवता बघतो. हातात वस्तरा असताना मान वळवायची नसते. ही शिस्त मला वडिलांनी लावली आणि ती इतकी अंगवळणी पडली, की घरात सरडे आले तेव्हासुद्धा मी पहिला विचार आरशाचाच केला.

पण सरडे घरात आले कसे, ते आधी सांगतो.

दुकान पुढे, घर मागे, आणि घरामागे हातरुमालाएवढं अंगण. अंगणाच्या कडेने झुडपांचं दाट कुंपण आहे. त्या कुंपणाखालून जाणारा पाण्याचा पाइप फुटला आणि प्लंबर कुदळ घेऊन आला. मी दुकानात एकाचे कल्ले सारखे करत होतो. तेवढ्यात माझी नात धावत आली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. तिला एका जागी बसलेलं फक्त झोपेत पाहिलंय, आणि झोपेतही ती रात्रभरात पलंगाच्या चारही कडांना डोकं लावून येते.

"आजोबा, पळा! माती हलतेय!"

"मातीला हलू दे. माझा हात हलवू नकोस."

"अहो, मातीत बाळं आहेत!"

आता एवढं ऐकल्यावर गिऱ्हाईकच खुर्चीतून उठलं. आम्ही तिघं मागे गेलो. कुदळीने भुसभुशीत मातीचं एक ढेकूळ उलटलं होतं आणि त्यातून पांढऱ्या अंड्यांची फाटकी टरफलं दिसत होती. करंगळीएवढी, मातीच्याच रंगाची पिल्लं इकडेतिकडे पळत होती. बरीचशी गवतात पसार झाली. तीन मात्र पाइपच्या पाण्याने झालेल्या चिखलात रुतली होती. आणि भिंतीवर शेजारची मांजर, पानात वाढण्याची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखी, शेपूट गुंडाळून बसली होती.

"काका, पाली आहेत," प्लंबर म्हणाला. "टाकू का भिंतीपलीकडे?"

"पाली नाहीत," भिंगरी म्हणाली. "हो ना, आजोबा?"

मला हा प्रश्न फार आवडतो. 'हो ना' असं कुणी विचारलं की मी लगेच 'हो' म्हणत नाही.

"तूच बघून सांग. बोटं कशी आहेत?"

ती चिखलात गुडघे टेकून बसली. "लांब. आणि बारीक नखं."

"आपल्या स्वयंपाकघरातल्या पालीची?"

"चपटी. चमच्यासारखी."

"चपटी बोटं छताला चिकटायला. लांब बोटं आणि नखं कशाला?"

"फांदी धरायला!" ती ओरडली. "म्हणजे सरडे! बागेतले सरडे!"

"बघा," मी प्लंबरला म्हणालो, "आता फेकाल का?"

"मी कशाला फेकतोय? पण खड्डा बुजणार नाही हां आज. पाइपचा जोड आणायला लागेल. तो येईपर्यंत इथे असंच तळं राहणार."

म्हणजे पिल्लांना परत तिथेच ठेवावं तर खाली पाणी आणि वर मांजर. मी दाढीची वाटी आणली. भिंगरीने तळवा चिखलात सपाट ठेवला आणि मी सांगितल्याप्रमाणे वाट बघितली. पकडायचं नाही, शेपटी तर मुळीच धरायची नाही. पिल्लू आपणहून हातावर चढेपर्यंत थांबायचं. भिंगरी थांबली! एक चढलं, दुसरं चढलं. तिसरं इतकं छोटं होतं की चिखल त्याच्यापेक्षा जड झाला होता. तिने खालून मातीसकट उचललं.

"ही टिचकी," ती म्हणाली. "टिचकी मारली तर उडून जाईल एवढी आहे."

मग उरलेल्या दोघांचीही नावं ठेवणं भाग होतं. एकाच्या पाठीवर बारीक दाते होते, तो कंगवा. दुसरं सारखं तोंड उघडत-मिटत होतं, ती कात्री. आमच्या घरात नावं ठेवायला लांब जावं लागत नाही.

बायकोने वाटीत डोकावून पाहिलं आणि माझी बिनपाण्याने केली.

"ज्या वाटीत साबणाचा फेस करता, त्यात हे?"

"धुवून घेईन ना."

"वाटी धुवाल. माझे डोळे कसे धुवाल? घरात पाल दिसली तर मी झोपत नाही, आणि तुम्ही सरडे आणता? राहायला? जेवायला?"

"पाइप दुरुस्त होईपर्यंत फक्त."

"आणि खाणार काय ते?"

ह्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी भिंगरीला घेऊन रस्ता ओलांडून जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तिघांना निरखून पाहिलं, इकडे-तिकडे वळवून पाहिलं, आणि भिंगरीशीच बोलल्या. मला ते फार बरं वाटलं.

"हे पाळायचे नाहीत. पाहुणे आहेत, काय? खड्डा बुजला की जिथले तिथे. तोवर चार गोष्टी सांभाळ. उगाच हातात घ्यायचं नाही. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, पण काचेतून नाही, आणि सावलीला पळायला जागा हवी. पाणी वाटीत ठेवलं तर ते ओळखणार नाहीत. पानांवर थेंब पाडायचे, ते चाटतील. आणि खायला बारीक किडे. जिवंत. हलत नसेल ते त्यांच्या लेखी अन्नच नाही."

"किती बारीक?" भिंगरीने विचारलं.

"त्यांच्या दोन डोळ्यांमध्ये मावेल एवढा."

थेंब पाडायचं काम तर आमच्या पोटापाण्याचंच. केस ओले करायची फवाऱ्याची बाटली होती. पानांवर एकदा फुस् केलं की दवासारखे थेंब बसायचे. किड्यांचा प्रश्न मात्र पोस्टमनने सोडवला. हा माझा जुना दोस्त. नोकरी संपली तरी रोज दुकानात हजेरी लावतो, फुकट पेपर वाचतो आणि त्यातल्या चुका काढतो. सरड्यांसाठी त्याने घरातली मासे पाळायची जुनी काचेची पेटी आणून दिली, आणि सोबत काळी पडलेली केळी.

"केळी उघड्यावर ठेव. चिलटं येतील, पाहिजे तेवढी."

"दुकानात? चिलटं?" बायको आतून म्हणाली. तिचे कान भिंतीपलीकडचंही ऐकतात.

"वहिनी, धंदा नसला की लोक माशा मारतात. तुमच्या नवऱ्याचा धंदा चांगला चाललाय, म्हणून तो माशा पाळतोय."

केळी बाटलीत घालून खिडकीबाहेर ठेवायची, या अटीवर तह झाला. तोंडावर कागदाचा कोन बसवला. चिलटं आत शिरायची आणि बाहेर यायची वाट विसरायची. पेटीत माती, फांद्या, पानं, वर जाळी. पेटी खिडकीच्या बाजूच्या फळीवर ठेवली. भिंगरीने बाटली उपडी करून दहा-बारा चिलटं सोडली. कात्रीने पहिलं चिलट कधी गिळलं ते कुणाला दिसलंसुद्धा नाही. कंगव्याने दुसरं गिळलं. पोस्टमनने टाळी वाजवली आणि दोघंही पानाखाली पळाले.

"पोस्टमनकाका!" भिंगरी ओरडली.

"बरं बरं. मी मनात टाळी वाजवतो."

टिचकी मात्र कोपऱ्यात बसून राहिली. तिने एक चिलट हेरलं, मान तिरकी केली, आणि तेवढ्यात कात्रीने ते पळवलं. दुसऱ्या वेळीही तेच झालं. मोठं भावंड ताटातलं उचलून नेतं तसं.

"तिला वेगळं ठेवू या," मी म्हणालो.

"तिला सगळ्यात भारी जागा द्यायची!" भिंगरी म्हणाली. "तिला आधी त्रास झालाय."

सगळ्यात भारी जागा कोणती, याबद्दल आमच्यात वाद नव्हताच. खुर्चीसमोरचा आरसा, त्याखालचा पांढरा कट्टा. खिडकीतला उजेड मागच्या आरशावर पडतो, तिथून समोर येतो, आणि कट्टा नुसता उजळून निघतो. ऊन थेट नाही, त्यामुळे काच तापायची भीती नाही. शिवाय मला टिचकी दोन्हीकडून दिसणार होती. तोंड समोरून, पाठ आरशातून. काम करताकरता नजर ठेवता येणार. बिस्किटांची रुंद तोंडाची बरणी आम्ही धुऊन घेतली, माती भरली, एक फांदी उभी केली, तोंडाला जाळी बांधली आणि ती आरशाला अगदी चिकटवून ठेवली. पावडरीचे डबे हटवले, कंगव्यांची बरणी बाजूला सारली. राजाला सिंहासन द्यावं तशी जागा.

गिऱ्हाइकांची मात्र चैन झाली. टिचकी फांदीवर चढायची, आरशाकडे तोंड करायची आणि मान वरखाली हलवायची.

"हे बघा, नटवी आहे," एकजण म्हणाला. "आरशापुढून हलत नाही."

"मला 'हो हो' म्हणतेय," भिंगरी म्हणायची. "टिचकी, तुला चिलट हवं? बघा, हो म्हणाली!"

पण चिलट सोडलं की ती बघायची नाही. चिलट नाकासमोरून जायचं, फांदीवर बसायचं, एकदा तर तिच्या डोक्यावर बसलं. ती आपली आरशाकडे बघत राहायची. मग अंग चपटं करून फांदीच्या मागे जायची आणि डोळे मिटून घ्यायची. रंगही पालटला. आली तेव्हा वाळूसारखी होती, आता भिजलेल्या लाकडासारखी काळपट दिसायला लागली.

"सरडाच तो," पोस्टमन म्हणाला. "रंग बदलणारच. आमच्या ऑफिसात तर सरडे नसलेलेही बदलायचे."

आम्ही हसलो, पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पेटीतले दोघं उन्हात वाळूच्या रंगाचे होते. अंगणात सकाळी जाळीखाली तिघांना नेलं की टिचकीही जरा उजळायची, आणि दुकानात परत आली की पुन्हा काळवंडायची.

आम्ही काय नाही केलं? चिलटं मोठी वाटत असतील म्हणून त्यातली बारीक निवडली. चिलटं आवडत नसतील म्हणून फुलझाडावरचा हिरवा मावा आणला. पानं बदलली. फवारा बदलला. भिंगरीने तर बरणीसमोर बसून, कसं खायचं ते स्वतः खाऊन दाखवलं. एक बिस्किट संपेपर्यंत दाखवलं. टिचकीने डोळे मिटले.

डॉक्टरबाई येऊन बघून गेल्या. "जखम नाही, जंत नाहीत. कशाला तरी घाबरली आहे. पण पोट आत गेलंय." मग त्यांनी भिंगरीला खरं ते सांगितलं, कारण मुलांना खोटं सांगितलं की ती दुसऱ्यांदा विचारत नाहीत. "बाहेर सोडायची वेळ येईल तेव्हा तिच्या पोटात काहीतरी हवं. उपाशी पिल्लू कुंपणात टिकत नाही. आणि बरणीतही फार दिवस टिकणार नाही."

"पण मी तिला चिखलातून काढलंय," भिंगरी म्हणाली.

"हो गं. आणि छान काढलंस."

त्या दिवशी भिंगरी खेळायला गेली नाही. बाकावर पाय पोटाशी घेऊन बसली. भिंगरी, आणि बसलेली! दुकानातला पंखा बंद पडावा तसं झालं. बायको चहा घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या बारकीने खाल्लं का काही?"

"तुला काय करायचंय? तुझे डोळे धुवायला लागतील."

"सरळ सांगा. खाल्लं का?"

"नाही."

"मेला पाइपवाला," ती म्हणाली. पाइपवाल्याचा यात काय दोष ते मला कळलं नाही, पण कुणावर तरी राग काढायला हवाच होता.

कुठे माशी शिंकली, तेच समजत नव्हतं. आणि प्लंबरचा निरोप आला, की जोड मिळाला, आता येतोच.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुकान भरलेलं. एक तरुण बाप त्याच्या छोट्याला कडेवर घेऊन आला. छोट्याचे पहिल्यांदाच दुकानात केस कापायचे होते. लाकडी पाट खुर्चीच्या हातांवर आडवा ठेवून मी त्याला वर बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, आणि त्याने समोर पाहिलं. मग जो सूर लावला!

"अरे राजा, काका काही करत नाहीत," बाप म्हणाला.

सूर वर चढला.

"तो बघ, आरशात कोण आहे? बाळ आहे! बाळ रडतंय का?"

हे ऐकून तर खिडकीची काच थरथरली.

"तुम्ही जरा बसा," मी बापाला म्हणालो आणि खुर्चीचा खटका दाबून खुर्ची फिरवली. आरशाकडे पाठ, दाराकडे तोंड. मागच्या आरशावर मी नेहमीचा पडदा ओढला. छोट्याच्या हातात फवाऱ्याची रिकामी बाटली दिली. त्याने एक हुंदका दिला, रस्त्यावरून जाणारी सायकल पाहिली, बाटलीचा खटका दाबला. फुस्. पुन्हा फुस्. मी कात्री चालवायला लागलो.

"आजोबा," बाकावरून भिंगरीचा आवाज आला, "खुर्ची का फिरवली?"

"तूच सांग. आधी त्याला समोर काय दिसत होतं?"

"तोच."

"ते तुला माहीत आहे, तो तोच आहे म्हणून. त्याला ठाऊक आहे का? त्याला दिसतो एक अनोळखी पोरगा, रडणारा. आणि त्या पोराच्या मागे एक म्हातारा, हातात कात्री. हा रडला की तोही रडतो. हा थांबावं म्हणतो, तर तो टक लावून बघतच असतो. डोळ्याला डोळा. जात नाही की बोलत नाही. तू घाबरली नसतीस?"

मी छोट्याच्या मानेवरचे केस कापडाने झटकले, पावडर लावली, आणि छोट्याला खाली उतरवलं. त्याने बाटली द्यायला नकार दिला. बापाने जाताना ती हळूच खिडकीतून परत केली.

पुढचा नंबर पोस्टमनचा. मी मागच्या आरशाचा पडदा उघडला, खुर्ची आरशाकडे फिरवली, त्याच्या दोन्ही गालांना फेस लावला, वस्तरा उघडला आणि उजवा गाल साफ केला. डाव्या गालाला हात घालणार, तोच आरशात मला दिसलं, की भिंगरी स्टुलावर चढली आहे. तिच्या हातात माझे दोन स्वच्छ टॉवेल होते. एक तिने बरणी आणि आरशाच्या मध्ये सारला. दुसरा बरणीच्या अलीकडून, खुर्चीच्या बाजूने लावला. खिडकीकडची बाजू तेवढी उघडी ठेवली.

"काय चाललंय?"

"टिचकीची खुर्ची फिरवतेय."

"मग बरणी फिरव की."

"बरणी फिरवून काय उपयोग? इकडेही आरसा, तिकडेही आरसा. आणि तिला खटका पण नाही." मग ती कुजबुजली, "आजोबा, ती नटत नव्हती. 'हो हो' पण म्हणत नव्हती. ती त्या दुसरीला म्हणत होती, जा ना, जा ना."

मी आरशात पाहिलं. आरशात आता बरणी नव्हती, नुसता टॉवेल होता. दोन आरशांमधली ती जागा मी रोज बघत होतो. एका आरशात दुसरा, दुसऱ्यात पहिला, आणि प्रत्येकात एक टिचकी. मला वाटलं होतं, मी तिला सिंहासन दिलं. मी तिला सरड्यांच्या जत्थ्यासमोर बसवलं होतं. आणि तो जत्था दिवसभर हलत नव्हता.

हातात वस्तरा असताना मान वळवायची नसते. मी वस्तरा मिटून खाली ठेवला, आणि मान वळवली.

"अरे!" पोस्टमन म्हणाला. "माझा डावा गाल?"

"थांब जरा."

"किती जरा?"

"शू!" भिंगरी आणि मी एकदम म्हणालो.

सगळं दुकान थांबलं. बाकावरच्यांनी पेपर खाली ठेवले. टिचकी फांदीमागे होती, डोळे मिटलेले. मी भिंगरीला डोळ्यांनीच खुणावलं, बरणीपासून लांब. आपणही तिच्यापुढे उभी राहणारी मोठी तोंडंच की. ती स्टुलावरून उतरून जमिनीवर बसली. हात मांडीखाली घेऊन बसली, म्हणजे ते हलणार नाहीत.

बराच वेळ काही झालं नाही. पोस्टमनच्या गालावरचा फेस वाळला.

"गाल ताणतोय रे," तो ओठ न हलवता म्हणाला.

मी ब्रश फिरवून पुन्हा फेस लावला. तोही वाळत आला. बायको आतून "चहा कुणाकुणाला" म्हणत आली, आमच्याकडे पाहिलं, आणि ट्रे हातात घेऊन दारातच उभी राहिली.

टिचकीने एक डोळा उघडला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जिथे कायम कुणीतरी असायचं, तिथे कुणी नव्हतं. ती फांदीच्या मागून पुढे आली. एक पाय टाकला, थांबली, दुसरा टाकला. पानापाशी गेली आणि जीभ काढून थेंब चाटला. एक. मग शेजारचा. मग सगळं पानच पुसून काढलं. आणि तिच्या पाठीवरचा तो काळपटपणा, चहात दूध पडावं तसा, हळूहळू निवळायला लागला.

भिंगरीने माझा पाय घट्ट धरला.

चिलट फांदीच्या टोकाला बसलं होतं. टिचकीने मान तिरकी केली. ती वाकली. आणि मग मला काही दिसलं नाही. ते कुणालाच दिसत नाही. एवढंच दिसलं, की चिलट नव्हतं आणि टिचकीचा जबडा हलत होता.

कुणी आवाज केला नाही. बाकावरच्या एकाने तोंडावर हात दाबून धरला होता. पोस्टमनने अर्ध्या फेसाळ चेहऱ्याने, दोन्ही हात हवेत उंच करून, तळवा तळव्याला न लावता टाळी वाजवली. बायकोच्या ट्रेमधले कप किणकिणत होते, कारण ती हसत होती. भिंगरी जमिनीवरून उठली, दुकानाच्या दाराबाहेर गेली, दार नीट लावून घेतलं आणि मग रस्त्यावर जी किंकाळी फोडली, ती समोरच्या डॉक्टरबाईंनाही ऐकू गेली. त्या धावत बाहेर आल्या, त्यांना वाटलं कुणाला तरी चावलं.

टिचकीने त्या दिवशी आणखी चिलटं खाल्ली. शेवटची दोन खाताना तर ती आळस देत होती.

प्लंबर आला. जोड बसवला, खड्डा बुजवला, माती दाबली. भिंगरीने त्याला कुंपणाच्या मुळाशी माती दाबू दिली नाही. "इथे भुसभुशीतच ठेवा. पुढच्या वेळी अंडी घालायला लागेल."

"अजून पुढच्या वेळी?" प्लंबर माझ्याकडे बघून म्हणाला. "काका, पाइप मजबूत बसवलाय हां मी."

डॉक्टरबाईंनी सांगितलं, अजून थोडे दिवस तिला खाऊ द्या, पोट भरलेलं दिसलं की सोडा. तेवढ्या दिवसांत झुडपांनाही नवीन पालवी फुटली. मला वाटलं होतं, सोडायच्या वेळी भिंगरी हट्ट करेल. शब्दांची तयारी करून ठेवली होती मी, मुलांना समजावतात तसे मऊ मऊ. वापरावे लागले नाहीत. सकाळी उठून तीच म्हणाली, "आजोबा, टिचकी आज जाळीला धडका देतेय. तिला पलीकडे जायचंय."

मांजरीला बायकोने दुधाची वाटी दाखवून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने मांजरीला आपणहून आत घेतलं होतं.

पेटी आडवी केली. कंगवा गेला, कात्री गेली, मागे वळून न बघता. मग बरणी. टिचकी काठावर आली, तिने भिंगरीच्या हाताकडे पाहिलं, आणि हाताला वळसा घालून सरळ फांदीवर उडी मारली. वर, अजून वर, कुंपणाच्या टोकापर्यंत. तिथे थांबली.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत!" पोस्टमन म्हणाला. ही म्हण उच्चारायची संधी त्याने इतके दिवस जपून ठेवली असणार.

"मग?" भिंगरी म्हणाली. "तिथेच तर जायचं होतं तिला."

पलीकडच्या फांदीवर कात्री बसली होती. टिचकीने तिच्याकडे पाहून मान वरखाली केली. कात्रीने एकदा मान हलवली, आणि चक्क निघून गेली. टिचकी जिंकली! ती उन्हात पसरली आणि वाळूच्या रंगाची झाली.

बरणी मी घासून पुसून ठेवली आहे. त्यात पुन्हा बिस्किटं असतात. सुट्टीच्या दिवशी कुणी छोटं गिऱ्हाईक आलं आणि त्याचा ओठ थरथरायला लागला, की मला काही करावं लागत नाही. भिंगरी बाकावरून उडी मारते, मागच्या आरशाचा पडदा ओढते आणि विचारते, "खटका दाबू?" बिस्किटाची बरणीही तीच पुढे करते.

आणि परवा बायको अंगणात केळीचं साल कुंपणाच्या मुळाशी टाकताना दिसली.

"कुणासाठी गं?" मी विचारलं.

"कुणासाठी म्हणजे? झाडाला खत," ती म्हणाली, आणि साल थोडं सरकवून, पानाच्या सावलीत ठेवलं.